घरगुती वॉटर सॉफ्टनरची निगा : काही व्यावहारिक बाबी

हैदराबादेत अनेक ठिकाणी बोअरचे पाणी दुष्फेन असते. साबणाला फेस येत नाही, गिझरमध्ये क्षार साचतात. सॉफ्टनरमधील रेझिनचे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. त्यांची क्षमता संपली की मिठाच्या द्रावणाने ती पुन्हा मिळवावी लागते.

मिठाच्या टाकीत कधी कधी कडक थर जमतो व खाली पोकळी राहते. वरून मीठ दिसते, पण द्रावण तयार होत नाही आणि पाणी दुष्फेनच येते. असा थर लाकडी दांड्याने हलकेच फोडावा. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून तळाचा गाळ धुवावा.

सुफेन झालेल्या पाण्यात सोडियम वाढलेले असते. म्हणून घरात रक्तदाबाचा रुग्ण असल्यास पिण्याच्या पाण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढणे इष्ट.