दोन कोटी पहाण्या मोजायच्या कशा?

आळंद तालुक्यातलं खजुरी महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. पलीकडे सातबारा, तशी इथे पहाणी. कर्नाटकातल्या या पहाण्या पूर्वी सुमारे ९,००० तलाठ्यांच्या दप्तरांत असत आणि उताऱ्यासाठी शेतकऱ्याला खेटे घालावे लागत. ‘भूमी’ प्रकल्पाने त्या संगणकावर आणल्या. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी! सुरुवातीला १५ रुपये भरले की तालुक्याच्या खिडकीवर छापील पहाणी हातात पडे.

अशा डेटाबेसला ‘एकूण नोंदी किती?’ असं विचारणं सोपं आहे. अचूक उत्तर मिळवणं मात्र महागात पडतं.

समजा, खजुरीत दोन भावांची वाटणी चालली आहे. जुनी नोंद बंद होऊन दोन नव्या तयार झाल्या, पण शेवटची मंजुरी बाकी आहे. नेमक्या त्याच क्षणी कलबुर्गीहून कुणी आकडा मागितला, तर ही जमीन एक धरायची की दोन? पोस्टग्रेस, ओरॅकल यांसारखे डेटाबेस मंजुरीपर्यंत बाहेरच्याला जुनी एकच नोंद दाखवतात आणि वाटणीचं काम करणाऱ्याला नव्या दोन. दोघांचे आकडे वेगळे, तरी दोन्ही बरोबर. त्यामुळे वाचणाऱ्यासाठी लिहिणारा अडत नाही आणि लिहिणाऱ्यासाठी वाचणारा. एका नोंदीच्या अनेक आवृत्त्या ठेवण्याची ही कल्पना डेव्हिड रीड यांनी १९७८ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात मांडली होती.

या सोयीची किंमत मोजदादीत चुकवावी लागते. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा तयार ठेवता येत नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम प्रकारात तो तयार असे, पण तिथे बदल करताना अख्खं टेबल कुलूपबंद व्हायचं. पोस्टग्रेस मात्र प्रत्येक नोंद ‘विचारणाऱ्याला दिसते का’ हे तपासत जातो. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून बरंचसं काम नुसत्या इंडेक्सवर, म्हणजे नोंदींच्या सूचीवर, भागू लागलं, तरी मोजणं सुटलं नाही.

मग वेगळा काउंटर ठेवला तर? दोघांनी एकाच वेळी १,२०० वाचलं आणि दोघांनीही १,२०१ लिहिलं, तर एक नोंद हिशेबातून गळाली. कुलूप लावलं की आकडा जुळतो, पण पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत बाकी सारे त्या एका ओळीपाशी खोळंबतात. यावरचा चांगला तोडगा असा: काउंटरला हात न लावता प्रत्येकाने ‘अधिक एक’ किंवा ‘उणे एक’ अशी स्वतःची ओळ टाकायची आणि ठरावीक वेळाने त्या ओळींची बेरीज मूळ आकड्यात मिळवून त्या पुसायच्या. मधल्या वेळेत कुणी विचारलंच, तर मूळ आकडा आणि उरलेल्या ओळी मिळवल्या की झालं. एका आकड्यावरची ही झुंबड कशी टाळावी, यावर पॅट्रिक ओनील यांनी १९८६ मध्येच शोधनिबंध लिहिला होता.

अहवालाला ‘सुमारे दोन कोटी’ पुरत असेल, तर पोस्टग्रेसने स्वतःच्या कामासाठी राखलेला अंदाजी आकडा वापरावा. तो क्षणात मिळतो. तिथे अचूकतेचा हट्ट धरून खिडकीवरचा संगणक मंद करणं शेतकऱ्यावर अन्याय आहे. फेरफाराचं तसं नाही. ‘भूमी’त फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधल्याला पुढे घ्यायचं नाही, असा बंदोबस्त सॉफ्टवेअरमध्येच केला गेला. रांगेतल्या शेतकऱ्याला ‘माझ्याआधी किती?’ याचं तंतोतंत उत्तर हवं असतं. ते देणं जडही नाही. फक्त प्रलंबित अर्जांपुरता छोटा इंडेक्स ठेवला की दोन कोटी नोंदींना हात न लावता तेवढेच अर्ज मोजले जातात.