वाद्य हलत नाही, म्हणून वादक निघतात

1596 साली जर्मनीत, हाल्बरश्टाट शहराजवळच्या ग्रोनिंगन नावाच्या लहानशा गावात 53 ऑर्गनवादक गोळा झाले होते. ड्यूक हाइनरिश यूलियुसने आपल्या वाड्यातल्या चर्चसाठी डाव्हिड बेक या कारागिराकडून 59 स्टॉपांचा (स्टॉप म्हणजे पाइपांची एक रांग) ऑर्गन बांधून घेतला होता. काम उत्तम झालं की नाही, हे त्याला एकट्यादुकट्याच्या शब्दावर ठरवायचं नव्हतं. म्हणून त्याने जर्मन मुलखांतले नामांकित वादक बोलावून घेतले. हान्स लेओ हास्लरसारखा त्या काळचा मोठा संगीतकारही त्यांत होता. पुढे 1705 मध्ये आंद्रेआस व्हेर्कमाइस्टरने या ऑर्गनवर एक पुस्तिका छापली आणि तीत त्या सगळ्यांची नावं दिली. त्यामुळे ही यादी आज आपल्याला वाचता येते. एका वाद्याभोवती पन्नासावर जाणकार कान! संगीताच्या इतिहासातलं हे माझं सर्वांत आवडतं संमेलन आहे.

एवढी माणसं त्या काळच्या रस्त्यांवरून प्रवास करून आली, कारण वाद्य त्यांच्याकडे येऊ शकत नव्हतं. तबलजी तबला-डग्गा पिशवीत घालून कुठेही जातो, व्हायोलिनवाला पेटी काखेत मारतो. पाइप ऑर्गन मात्र इमारतीचाच एक भाग असतो. तो त्या भिंतींसाठी, त्या छतासाठी, त्या घुमणाऱ्या हवेसाठी बांधलेला असतो. म्हणून जगात दोन पाइप ऑर्गन तंतोतंत सारखे सापडणं दुर्मीळ. एका चर्चमध्ये पट्ट्यांच्या दोन ओळी, दुसरीकडे चार. एकीकडे पट्टी दाबायला बोटांत जोर लागतो, दुसरीकडे नुसता स्पर्श पुरतो. शंभर स्टॉपांच्या वाद्यावर बसवलेली रचना बारा स्टॉपांच्या वाद्यावर वाजवायची, तर ती जवळजवळ नव्याने बसवावी लागते. ज्याला ऑर्गन शिकायचा आहे त्याला हिंडावंच लागतं.

त्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. चर्चमध्ये बहुधा एकच वादक असतो. गावातल्या सगळ्या चर्चांची मुख्य उपासना रविवारी सकाळी, साधारण एकाच वेळी. म्हणजे शेजारच्या गल्लीतला वादक काय वाजवतो, कसं वाजवतो, हे रविवारी ऐकायला कुणालाच जाता येत नाही, कारण प्रत्येक जण त्या वेळी आपापल्या चर्चच्या माळ्यावर बसून वाजवत असतो. वर्षानुवर्षं एकाच शहरात एकच काम करणारी माणसं एकमेकांना ऐकतच नाहीत. त्यांना एकत्र आणणाऱ्या संस्था निघाल्या त्या या गरजेतून. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स 1864 चं, आणि न्यूयॉर्कमध्ये 1896 साली स्थापन झाली अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स. गिल्डच्या शाखांना तिकडे चॅप्टर म्हणतात आणि त्या अमेरिकेतल्या शहराशहरांत आहेत. मोठी अधिवेशनं होतात ती होवोत. मला खरं अप्रूप आहे ते या शाखांच्या साध्या बैठकांचं, रविवार टाळून कुणाच्या तरी चर्चमध्ये भरणाऱ्या.

मराठी माणसाला ऑर्गन हा शब्द परका नाही. संगीत नाटकांच्या साथीला, बालगंधर्वांच्या पदांमागे वाजणारा ऑर्गन आपल्या आजोबांच्या पिढीने मन भरून ऐकला. पण तो पितळी रीडचा, पेटीच्या कुळातला. त्यात पाइप नाहीत. वादक पायांनी भाता चालवतो आणि हातांनी वाजवतो. चर्चमधल्या पाइप ऑर्गनला हवा आज विजेच्या पंख्यातून मिळते. वीज यायच्या आधी भाते ओढायला वेगळी माणसं असत. वादकाचे पाय मोकळे, म्हणून ते चक्क वाजवतात! बाकाखाली लाकडी पट्ट्यांची एक मोठी ओळ असते, अमेरिकन ऑर्गनला बहुधा 32. खर्जाचे सूर पायांकडे. डावी टाच, डावा चवडा, उजवा चवडा, उजवी टाच, आणि हे सगळं खाली न बघता. त्यासाठी पातळ तळव्याचे, टाच असलेले खास बूट मिळतात. शाखांच्या बैठकांना, कार्यशाळांना येणारा प्रत्येक जण ते पिशवीत घालून आणतो.

या ऑर्गनवादक मंडळींचा सर्वांत लाडका कार्यक्रम म्हणजे ऑर्गन क्रॉल. एका दिवसात तीन-चार चर्चं गाठायची. प्रत्येक ठिकाणचा वादक यजमान. तो आधी आपल्या वाद्याची ओळख करून देतो: हा स्टॉप ऐका, आता हा त्यात मिसळतो, आता दोन्ही बंद आणि हा तिसरा. मग बाक मोकळा होतो आणि पाहुणे एकेक करून बसतात. ग्रोनिंगनला जे झालं तेच हे, फक्त ड्यूक नाही. वाद्य तेच, पण बसणारा बदलला की आवाज बदलतो, आणि रोज त्याच बाकावर बसणारा यजमान खाली चर्चच्या मधोमध उभा राहून स्वतःचा ऑर्गन ऐकतो. एरवी त्याला तो असा कधी ऐकू येतच नाही, कारण वाजवताना तो पाइपांच्या अगदी जवळ असतो किंवा भलत्याच कोपऱ्यात.

स्टॉप म्हणजे काय, हे समजलं की या भेटींची गोडी कळते. एक स्टॉप म्हणजे पाइपांची एक अख्खी रांग, प्रत्येक पट्टीसाठी एक पाइप. खटका ओढला की त्या रांगेला हवा मिळायची वाट मोकळी होते. खटक्यावर आकडा असतो: 8, 16, 4, 2. हे फूट. आठ फुटी रांगेतला सर्वांत खालचा पाइप उघड्या तोंडाचा असेल तर सुमारे आठ फूट लांब असतो, आणि त्याचा सूर सेकंदाला साधारण 65 कंपनांचा. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली. 32 फुटी पाइप सेकंदाला साधारण 16 कंपनं करतो. माणसाचा कान जिथे संपतो त्याच्याही खाली! तो सूर ऐकू येण्याऐवजी बाकाच्या लाकडातून, पायांखालच्या फरशीतून जाणवतो. याहून दुप्पट, पूर्ण 64 फुटी पाइप जगात दोनच ऑर्गनांत आहेत: सिडनीच्या टाउन हॉलमध्ये आणि अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमध्ये. उलट टोकाचे सर्वांत लहान पाइप पेन्सिलीएवढे.

आणि मग मिश्रणाची जादू. काही स्टॉपांवर दोन पूर्णांक दोन तृतीयांश असा विचित्र आकडा असतो. तो ओढून षड्जाची पट्टी दाबली तर वरच्या सप्तकातला पंचम वाजतो. एकटा ऐकला तर चुकीचा वाटेल. पण तोच आठ फुटीवर हलकेच ठेवला की पंचम नाहीसा होतो आणि षड्जालाच वेगळा रंग चढतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तार स्वतःच वरचे सूर घेऊन येते; इथे कारागीर तेच वरचे सूर वेगळ्या पाइपांनी बाहेरून भरतो. विद्युत सिंथेसायझरच्या शेकडो वर्षं आधी, शिसं, कथील आणि लाकूड एवढ्या सामग्रीवर माणसांनी आवाजाची अशी फोड आणि जोड केली होती. रजिस्ट्रेशनच्या कार्यशाळा, म्हणजे कुठले स्टॉप कशासाठी जोडायचे याचं शिक्षण, तासन्तास चालतात आणि तरी वेळ पुरत नाही.

काही बैठका थेट ऑर्गनच्या पोटात होतात. समोरून दिसते ती पाइपांची पहिली रांग. मागे अरुंद शिड्या, फळ्यांच्या वाटा आणि उभं जंगल. स्वर लावायचे तर दोघं लागतात. एक बाकावर बसून पट्टी दाबून धरतो, दुसरा आत पाइपापाशी. इथे एक गंमत कळते. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरीच्या जातीच्या पाइपांचा सूर चढतो. चर्चमधलं तापमान सात अंश सेल्सिअसने वाढलं तर तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाचव्या भागाने वर जातो. जिभलीवर वाजणारे, ट्रम्पेट वगैरे नावांचे पाइप मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. मग जिभलीचे पाइप थोडे म्हणून पुन्हा त्या चढलेल्या सुराला लावून घेतात, कारण बाकीचे हजारो पाइप बदलण्यापेक्षा ते सोपं. उन्हाळ्यात लग्नसमारंभाच्या आदल्या दिवशी हे काम करणाऱ्याला हवामानाचा अंदाज वादकाइतकाच महत्त्वाचा वाटत असणार.

इतकं सगळं असूनही चर्चमधल्या वादकाचं रोजचं काम मैफलीचं नाही. लोकांना गायला लावायचं आहे. म्हणून सर्वाधिक कार्यशाळा साध्या भक्तिगीतांच्या साथीवर होतात, आणि हे काम वाटतं त्याहून फार अवघड आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. ऑर्गनपासून चाळीस मीटरवर बसलेल्या माणसाला सूर सेकंदाच्या नवव्या-आठव्या भागाने उशिरा पोचतो. तो ऐकून गातो, त्याचं गाणं परत यायला पुन्हा तेवढाच वेळ. वादकाने लोकांचं ऐकून लय धरली तर पुढच्या कडव्यापर्यंत सगळं मंदावून बसेल. लोकांबरोबर असायचं, पण त्यांची वाट बघायची नाही, असं हे शिक्षण. शिवाय शब्दांत जिथे श्वास, तिथे वादकानेही बोटं उचलायची. पाइपाला श्वास लागत नाही, तो पट्टी दाबून ठेवाल तोवर वाजतच राहतो. श्वास कुठे घ्यायचा हे गाणाऱ्याला वादकच सांगतो.

एकमेकांना ऐकायला हिंडण्यातून काय मिळतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण योहान सेबास्टियन बाखचं. 1705 साली विशीतला बाख आर्नश्टाटच्या चर्चमध्ये वादक होता. ल्यूबेकच्या बुक्स्टेहूडे या ऑर्गनवादकाला ऐकायला त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि चारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर पायी गेला. परतला तो चौपट काळाने. चर्चच्या वरिष्ठांनी जाब विचारला, आणि तक्रार नुसत्या रजेची नव्हती: भक्तिगीतांच्या साथीत हा नवनवीन, चमत्कारिक सूर मिसळतो आणि लोक गोंधळतात, असंही सुनावलं. ऐकून आलेलं हातांत उतरलं होतं, ते थांबणार कसं! साथीला सजावट किती करावी, हा प्रश्न आजही प्रत्येक कार्यशाळेत निघतो. माझं मत विचाराल तर लोक गात राहतील तेवढीच करावी. पण बाखला माफ.

पुढे बाख स्वतः नव्या ऑर्गनांची परीक्षा करू लागला. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल सांगतो की वडील आधी सगळे स्टॉप ओढून एकदम वाजवत, वाद्याची फुप्फुसं दमदार आहेत का ते बघायला. 1716 मध्ये हालेच्या चर्चमध्ये बाख, कूनाउ आणि रोले या तिघा संगीतकारांनी परीक्षा केली, आणि नंतरच्या मेजवानीचा बेत कागदोपत्री शिल्लक आहे: मासा, भाजलेलं मांस, पालक, शतावरीच्या कोंबांचं सॅलड, साखरेत मुरवलेल्या चेरी. वादक जमले की जेवण आलंच. अमेरिकन गिल्डच्या शाखा मुलांसाठी एक दिवसाचा कार्यक्रम करतात, त्याचं नावच 'पेडल्स, पाइप्स अँड पिझ्झा'. पियानो येणाऱ्या मुलांना ऑर्गनवर बसवायचं, आत फिरवून आणायचं, वाजवू द्यायचं आणि मग पिझ्झा. थोड्या मोठ्या मुलांसाठी उन्हाळ्यात आठवडाभराची शिबिरं असतात. त्यांत शहरातले अनुभवी वादक शिकवतात आणि मुलं एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये सरावाला पळतात.

या खटपटीची आज गरज आहे. पाश्चात्त्य देशांत बरीच चर्चं रिकामी होत आहेत, बंद होत आहेत, आणि त्यांच्यातल्या वाद्यांना नवं घर शोधावं लागतं. तरीही नुसत्या जर्मनीत सुमारे 50,000 ऑर्गन आहेत आणि ते बांधणारे-दुरुस्त करणारे कारखाने 400 च्या घरात. जर्मन ऑर्गनबांधणी आणि ऑर्गनसंगीत यांचा युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

तुम्ही लंडन, म्युनिक, फिलाडेल्फिया अशा कुठल्याही शहरात राहत असाल, तर एका रविवारी जवळच्या चर्चमध्ये जाऊन मागे बसा. उपासना संपल्यावर बहुतेक लोक बाहेर पडत असताना वादक शेवटची रचना वाजवत असतो. ती पूर्ण ऐका, मग त्याच्याकडे जा आणि वाद्य बघता येईल का, असं सरळ विचारा. बहुतेक वादकांना कुणी असं विचारलं की मनापासून आनंद होतो. मुंबईत असाल तर हॉर्निमन सर्कलपाशी सेंट थॉमस कॅथेड्रलमध्येही पाइप ऑर्गन आहे. आणि घरात पेटी वाजवणारं एखादं मूल असेल, तर त्याला नक्की सोबत न्या.