मद्रासचा किनारा आणि सागरी स्वाऱ्या

कोकणच्या किनाऱ्यावर खाड्या आणि डोंगरांच्या सोंडा यांच्या आडोशास गलबते निर्धास्तपणे नांगर टाकू शकतात. पूर्वेकडील चोळमंडळाचा किनारा याहून अगदी निराळा आहे. तो सरळ, सपाट व वालुकामय असून त्यास नैसर्गिक आडोसा जवळजवळ नाही. अशाच एका उघड्या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली जागा मिळविली. तेथे सेंट जॉर्ज किल्ला आणि मद्रास शहर उभे राहिले. तेच आजचे चेन्नई होय.

बंदर नसल्यामुळे मोठी जहाजे दूर खोल पाण्यात उभी राहत. जहाज आणि जमीन यांच्यामध्ये फुटणाऱ्या लाटांचा पट्टा असे व तो ओलांडणे हेच खरे संकट होते. याचे कारण सोपे आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. दहा मीटर खोल पाण्यात ती सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते, तर एक मीटर खोल पाण्यात केवळ तीन मीटर. पुढील लाट मंदावते, मागील तिला गाठू पाहते. त्यामुळे दोन लाटांमधील अंतर घटते व त्यांची उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की माथा पुढे झुकून कोसळतो. अशा वेळी आडवी सापडलेली होडी क्षणार्धात उलटते.

येथील नाविकांनी या संकटावर आपला उपाय शोधला होता. त्यांच्या मसुला होडीच्या फळ्यांना खिळे नसत. त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. त्यामुळे होडी वाळूवर आदळली तरी तिचे अंग किंचित लवे आणि आघात सोशी. युरोपीय जहाजांवरील खिळे ठोकलेल्या ताठ होड्या त्याच आघाताने फुटत. गव्हर्नर असो वा शिपाई, किनाऱ्यास लागण्यासाठी प्रत्येकाला या नाविकांच्या कौशल्यावरच विसंबावे लागे.

१७४६ साली फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याने मद्रासवर स्वारी केली. इंग्रजांचे आरमार त्या वेळी जवळ नव्हते. सप्टेंबरात, ईशान्य मोसमी वारे सुरू होण्यापूर्वी, त्याने किल्ल्याच्या दक्षिणेस सैन्य व तोफा उतरविल्या. जमीन आणि समुद्र अशा दोन्ही बाजूंनी मारा होताच २१ सप्टेंबर रोजी किल्ला शरण आला. परंतु विजयी आरमार उघड्या समुद्रातच थांबून राहिले. ऑक्टोबरच्या मध्यास वादळ झाले. काही जहाजे बुडाली, इतरांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. इंग्रजांच्या तोफांना जे साधले नव्हते, ते एका रात्रीच्या वाऱ्याने केले.

दुसऱ्या महायुद्धात मद्रासला पुन्हा समुद्राकडून भय उत्पन्न झाले. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे हल्ले केले. शत्रूचे सैन्य उतरणार या समजुतीने मद्रासमधील सरकारी कचेऱ्या अंतर्भागात हलविण्यात आल्या व नागरिकांनी मोठ्या संख्येने शहर सोडले. जपानी सैन्य मात्र आले नाही.

त्याच युद्धात किनाऱ्याचे ज्ञान हे शास्त्र बनले. १९४२ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरावयाचे होते. सरावाच्या वेळी लाटा काही फुटांहून उंच झाल्या, की उतरणे अशक्य होते, हे वॉल्टर मंक या तरुण शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले. त्याने हॅराल्ड स्वेर्ड्रुप यांच्यासह वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि त्याने पार केलेले सागरी अंतर यांवरून लाटांची उंची आधीच वर्तविण्याची पद्धत बसविली.

हे ज्ञान अपुरे पडले तेथे मोठी किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा बेटाच्या प्रवाळखडकावर भरतीचे पाणी अपेक्षेप्रमाणे चढले नाही. होड्या अडकल्या आणि सैनिकांना गोळ्यांच्या वर्षावात शेकडो मीटर पाणी तुडवीत जावे लागले. याउलट नॉर्मंडीवर ६ जून १९४४ रोजी सैन्य उतरले, त्याच्या कित्येक महिने आधी ब्रिटिश पाणबुडे रात्री पोहत जाऊन तेथील वाळूचे नमुने घेऊन आले होते. ती वाळू रणगाड्यांचे ओझे पेलेल काय, हा प्रश्न होता. ९ सप्टेंबर १९४५ रोजी भारतातून निघालेल्या फौजा मलायातील मोरिब येथे उतरल्या, तेव्हा वरून घट्ट भासणाऱ्या वाळूखाली चिखल निघाला व अनेक वाहने रुतून बसली. जपानने आधीच शरणागती पत्करली होती म्हणूनच मोठा अनर्थ टळला.

युद्धासाठी जन्मलेले हे शास्त्र आता शांततेच्या कामी येत आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांच्या उंचीचे अंदाज नियमितपणे प्रसिद्ध करते. चेन्नईचा मच्छीमार होडी समुद्रात लोटण्यापूर्वी आजही लाटांकडे पाहतो. पण त्याच्या पारखी नजरेला आता गणिताचीही जोड मिळाली आहे. सैन्य उतरविण्यासाठी मांडलेला हिशेब माणसे सुखरूप घरी परतावीत म्हणून उपयोगी पडावा, हेच त्या शास्त्राचे खरे सार्थक होय.