सहा पैशांपर्यंतचा हिशेब

बनेश्वरचा धबधबा मी आजवर पावसाळ्यातच पाहिला होता. गढूळ लोंढा आणि काठाशी माणसांची दाटी. वरवे बुद्रुकला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका काकांनी त्याच जागेचा मार्गशीर्षातला फोटो दाखवला, तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. काळ्या खडकावरून उतरणारी बारीक पांढरी धार, एवढंच. "ताई, हे पावसाचं नाही, झऱ्याचं पाणी आहे," ते म्हणाले. म्हणून त्यांच्याबरोबर गेले.

पहाटे महामार्गावरून चेलाडी फाट्याला वळून नसरापूरमार्गे बनात पोचलो. कुजक्या पाल्याचा आणि शेवाळाचा वास होता. घरी आल्यावरही तो दोन दिवस ओढणीत राहिला. बनेश्वराच्या देवळातल्या कुंडांत जिवंत झऱ्यांचं पाणी येतं. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. इथल्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. ती पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेतली. काका मात्र घंटेकडे वळले नाहीत. "बांधकामाला खर्च किती? ११,४२६ रुपये, ८ आणे, ६ पैसे. सहा पैसेसुद्धा लिहून ठेवलेत, ताई!"

धबधब्यापाशी त्यांनी ट्रायपॉडचे तीन पाय खडकातल्या तीन खळग्यांत बसवले. दर महिन्याला तेच खळगे, तीच चौकट. ऊन पाण्यावर यायच्या आत काम उरकायचं, नाहीतर पांढरं जळतं आणि काळं बुडतं. शटर आठ सेकंद उघडं. तेवढा वेळ ते श्वाससुद्धा रोखून धरतात.

त्याआधी त्यांनी मला कॅमेऱ्यातून पाहायला लावलं आणि भिंगावरचा फिल्टर हळूहळू फिरवला. ओल्या खडकावरची चकाकी विझली आणि आत भोकंच भोकं दिसली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात कोंडलेल्या वायूचे ते बुडबुडे. असे थर एकावर एक बसले. काही घट्ट, काही भेगाळलेले, मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीची पट्टी. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून झिरपत खाली येतो. घट्ट थर किंवा तांबडी पट्टी आडवी आली की वाट सोडून कडेनं बाहेर पडतो. आभाळ कोरडं झाल्यावरही ओढे वाहतात ते भेगांतल्या या साठ्यावर. खडकावरची ती क्षणभर विझलेली चकाकी मी अजून विसरलेले नाही.

"वर बोअर वाढल्या," काका म्हणाले. "भेग तीच, ताई. बोअरनं वर ओढलं की खाली झऱ्याला काय उरणार?" महामार्गाच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे फलक मी येताना पाहिले होते. तिथं राहायला येणाऱ्यालाही पाणी लागणारच, हे मला कळतं. तरीही माझं मन या धारेकडेच झुकतं. इमारतीचा हिशेब सहा पैशांपर्यंत ठेवणाऱ्या मुलखात झऱ्याचा हिशेब एका लग्नाच्या फोटोग्राफरनं पदरमोड करून ठेवावा, याचं मला वाईट वाटतं.

आठ सेकंद संपले. काकांनी श्वास सोडला, स्क्रीनवर फोटो मोठा करून धारेखाली बुडालेली भोकं मोजली आणि खिशातली छोटी वही काढली. तारीख, वेळ, आणि पुढे लिहिलं : "धारेखाली सात. मागच्या मार्गशीर्षात नऊ."