ध्वनीचे नमुने आणि त्यांतील तोतये

सिनेमात टांगा पुढे धावतो आणि त्याचे चाक मात्र उलटे फिरते, हे आपण पाहिलेच असेल. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. दोन चित्रांच्या मधल्या काळात चाकाचा एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेजवळ येऊन पोहोचतो, आणि डोळ्यांना वाटते, तो किंचित मागे सरकला.

ध्वनी अंकांत साठवताना हीच अडचण येते. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. हा दाब सेकंदाला ठराविक वेळा मोजून त्याचे आकडे लिहून ठेवायचे. अशा एकेका मापाला नमुना म्हणतात. आता नमुने किती घ्यावेत? नियम सोपा आहे: ज्या कंपनांची नोंद हवी, त्यांच्या दुपटीहून अधिक. या विचाराचा पाया हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्राच्या अभ्यासात घातला. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली त्याला प्रमेयाचे रूप दिले.

नमुने जितके दाट तितका आवाज रसाळ, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. माप पुरेसे बारीक असेल, तर मर्यादेच्या आतला ध्वनी नमुन्यांवरून जसाच्या तसा उभा करता येतो. कारण त्या बिंदूंतून जाणारी, मर्यादेत बसणारी वक्ररेषा एकच असते.

खरा उपद्रव मर्यादेबाहेरच्या कंपनांचा. ती निमूटपणे नाहीशी होत नाहीत, सोंग घेऊन येतात. सेकंदाला ८,००० नमुने घेत असता ५,००० कंपनांचा स्वर आत शिरला, तर त्याचे आकडे ३,००० कंपनांच्या स्वरासारखेच पडतात. भाऊसाहेबांचा तोतया निदान चौकशीत उघडा पडला. येथे आकडे एकदा लिहिले गेले की चौकशीची सोयच उरत नाही. म्हणून उंच कंपने अडवणारी गाळणी नमुने घेण्याच्या आधी लावावी लागते.

माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि वय वाढते तसे त्याहूनही कमी. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४,१०० नमुने ठरले, ते गाळणीला थोडी जागा ठेवून. हा विचित्र आकडा मात्र कानाने नव्हे, दूरचित्रवाणीच्या फितीने दिला. पूर्वी हे नमुने त्याच फितीवर साठवीत. एका ओळीत ३ नमुने, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणून पहावे.

टेलिफोनची गोष्ट अधिक काटकसरीची. तेथे ८,००० नमुने, आणि गाळणी ३,४०० कंपनांच्या पलीकडले बहुतेक अडवते. ‘स’चा सूत्कार मुख्यतः त्याच्याही वर असतो. म्हणून फोनवर ‘साल’ की ‘शाल’ हे पुन्हा विचारावे लागते, आणि औषधाचे नाव तर एकेक अक्षर सुटे करून सांगणेच बरे. अलीकडे १६,००० नमुन्यांची व्यवस्था आली आहे व ‘स’ बराच स्पष्ट येतो. पण दोन्ही टोकांना आणि मधल्या सर्व वाटेवर ती सोय हवी. एक दुवा जुना असला की संभाषण पुन्हा ८,०००वर येते.