तुटण्याची जर्मन नावं

आउगुस्ट वोलर या प्रशियन रेल्वे अभियंत्याने 1858 ते 1870 या काळात आगगाडीचे आस मुद्दाम तोडले. एका घावात नव्हे, तर फिरवत आणि वाकवत ठेवून, कधी कधी लाखो फेऱ्यांपर्यंत. 1842 साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला होता. डबे पेटले आणि पन्नासाहून अधिक माणसं दगावली. चांगलं लोखंड चालता चालता का मोडतं, हे त्यानंतरही कुणाला नीट सांगता येत नव्हतं. वोलरने दाखवलं की एकदाच लावल्यास जो भार निमूट सोसला जातो, तोच पुन्हापुन्हा लावल्यावर आस मोडतो. भार एका हद्दीच्या खाली ठेवला, तर मात्र कितीही फेऱ्या झाल्या तरी तो मोडताना दिसत नाही.

हे निष्कर्ष जर्मन नियतकालिकात तक्त्यांच्या रूपाने आले आणि 1871 साली लंडनच्या ‘एंजिनिअरिंग’ साप्ताहिकाने ते इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. अनुवादाची पहिली ठेच आकड्यांतच होती. वोलरचा ताण मोजला होता त्सेंटनर प्रति चौरस त्सोल या मापात. त्सेंटनर 50 किलोचा आणि इंग्रजी हंड्रेडवेट 50.8 किलोचा, प्रशियन त्सोल 26.15 मिलिमीटरचा आणि इंग्रजी इंच 25.4 मिलिमीटरचा. नावापुरते दोन्ही सारखेच. पण नुसतं नाव बदलून आकडा तसाच ठेवला, तर ताण सुमारे आठ टक्क्यांनी फुगतो. आस किती बारीक चालेल हे ज्या आकड्यावर ठरायचं, तिथे आठ टक्के थोडे नव्हेत.

शब्दांचा गुंता याहून मोठा. इंग्रजीत धातूच्या ‘थकव्या’ला फटीग हा शब्द 1854 साली ब्रेथवेटच्या निबंधाने रुळवला. जर्मनमध्ये त्याला तंतोतंत जोडीचा ‘एर्म्युडुंग’ आहे. तरीही जर्मन अभियंत्याच्या तोंडी बऱ्याचदा थकवा येत नाही, ‘डाउअर’ येतो, म्हणजे कालावधी किंवा टिकाव. थकव्याने झालेली मोड ती ‘डाउअरब्रुख’, आणि वोलरने शोधलेली हद्द ती ‘डाउअरफेस्टिगकाइट’. कोश पाहिला तर या दुसऱ्या शब्दापुढे फटीग स्ट्रेंग्थ आणि एन्ड्युरन्स लिमिट असे दोन्ही पर्याय सापडतात. पण ते एक नव्हेत. पहिला अमुक इतक्या फेऱ्यांपुरताही असू शकतो. दुसरा फेऱ्या कितीही झाल्या तरी चालेल असं आश्वासन देतो. मूळ शब्दाचा रोख बहुधा दुसऱ्याकडे असतो, आणि पहिला लिहिल्यावर वाचक ‘किती फेऱ्यांना?’ असं विचारणारच.

मर्यादित फेऱ्यांसाठी जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘त्साइटफेस्टिगकाइट’. शब्दशः काळाची ताकद. या क्षेत्रातला सगळ्यांत घातक शब्द हाच, असं माझं मत आहे, कारण त्याचा सख्खा शेजारी ‘त्साइटश्टांडफेस्टिगकाइट’ वेगळ्याच दुनियेतला आहे. बॉयलरच्या नळ्या किंवा टर्बाइनची पाती प्रचंड उष्णतेत एकसारखा भार सोसत हळूहळू ताणली जातात आणि अखेर फाटतात. तिथली ताकद हजारो तासांत, अगदी लाख तासांतही मोजतात. पहिल्या शब्दात फेऱ्या आहेत, दुसऱ्यात तास आणि तापमान. मध्ये फरक फक्त ‘श्टांड’ एवढ्या एका अक्षरखंडाचा. घाईत तो निसटला, तर वाक्य इंग्रजीत उत्तम वाचलं जातं आणि अर्थ संपूर्ण चुकलेला असतो.

तुटलेल्या तुकड्याच्या वर्णनात जर्मन भाषा कारणाकडे पाहते, इंग्रजी पुष्कळदा रूपाकडे. थकव्याची चीर थांबत थांबत पुढे सरकते. यंत्र बंद पडलं, भार बदलला, की तुटल्या पृष्ठभागावर एक वळ उमटतो. जर्मनमध्ये हे वळ म्हणजे ‘रास्टलीनिएन’, विसाव्याच्या रेषा. इंग्रजीत त्यांना बीच मार्क्स म्हणतात, ओसरत्या पाण्याने वाळूवर सोडलेल्या खुणांसारख्या. अनुवादकाने इथे विसावा सोडून किनारा धरावा, कारण प्रयोगशाळेतला इंग्रजी वाचक तोच ओळखतो. मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बारीक पट्ट्या निराळ्या. अशा हजारो पट्ट्या दोन विसाव्यांच्या मधे मावू शकतात.

‘गेवाल्टब्रुख’चंही तसंच. गेवाल्ट म्हणजे बळजबरी, हिंसा. इंग्रजीत ओव्हरलोड फ्रॅक्चर म्हटलं की काम भागतं. 3 जून 1998 रोजी एशेडे इथे धावत्या वेगवान गाडीच्या चाकावरची पोलादी धाव तुटली आणि अपघातात 101 जण मरण पावले. धावेची मोड डाउअरब्रुख होती. चीर आतल्या बाजूने वाढत आली होती. त्यानंतर धडकांत जे जे मोडलं, ते गेवाल्टब्रुख. अपघाताच्या तपासात ही विभागणी फार महत्त्वाची असते, आणि दोन्हींना नुसतं फ्रॅक्चर म्हटलं की ती पुसली जाते.

चिवटपणाला जर्मन शब्द ‘त्सेइगकाइट’. द्रवाच्या दाटपणालाही तोच शब्द चालतो. मराठीत चिवट आणि चिकट यांत निदान एका अक्षराचं अंतर आहे; जर्मनमध्ये तेवढंही नाही, संदर्भ पाहूनच ठरवायचं. शिवाय खाच पाडलेल्या नमुन्यावर लोलकाचा घाव घालून चिवटपणा मोजतात, तेव्हा जुनी जर्मन पद्धत शोषलेल्या ऊर्जेला खाचेपाशी उरलेल्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागत असे. इंग्रजी पद्धत ऊर्जा तशीच सांगते. नेहमीच्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेमागे 0.8 चौरस सेंटिमीटर छेद उरतो, त्यामुळे 40 ज्यूलचा नमुना जर्मन रीतीने 50 होतो. एकक न वाचता आकडा उतरवला, की कमजोर पोलाद चांगलं ठरतं.

‘बेट्रीब्सफेस्टिगकाइट’ला तर इंग्रजीत जागाच नाही. खड्डे, वळणं, ब्रेक अशा प्रत्यक्ष वापरातल्या वेड्यावाकड्या भारांखाली भाग किती टिकेल, याचा हा विचार एर्न्स्ट गासनरने 1939 साली विमानांसाठी मांडला. डार्मश्टाटच्या ज्या संस्थेच्या नावात हा शब्द आहे, तिने इंग्रजी नावात स्ट्रक्चरल ड्युरेबिलिटी स्वीकारलं. ते सोयीचं आहे. पण त्यात ‘वापर’ गळाला.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतही जुन्या जर्मन ड्रॉइंगवर एस-टी 37 असं पोलादाचं नाव भेटतं. त्यातला 37 म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, प्रति चौरस मिलिमीटर 37 किलोचा भार. युरोपच्या नव्या मानकात त्याच जातीच्या पोलादाला एस 235 म्हणतात आणि तो आकडा असतो ‘श्ट्रेकग्रेन्त्से’चा, म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो त्या बिंदूचा, न्यूटनमध्ये. 37 किलोचे सुमारे 363 न्यूटन होतात. जुनं नाव नव्या अर्थाने वाचणारा माणूस त्याच पट्टीवर दीडपट भार टाकून मोकळा होईल.