चिपचं नाव काय लिहायचं? (भाग ६)

मागच्या भागात आपण चिपा बोर्डाला जोडणाऱ्या आय-टू-सीच्या दोन तारांपर्यंत आलो होतो. आता वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीत एक हवामान नोंदयंत्र उभारायचं आहे, असं समजू. लिनक्सचा छोटा बोर्ड, दाब-तापमान-आर्द्रता मोजणारी बॉशची बीएमई२८० चिप आणि नोंदींसाठी २४सी३२ ही ईईप्रॉम, एवढाच संसार. यूएसबीचा माऊस जोडताच आपला निर्माता आणि नमुना स्वतः सांगतो. या दोन तारांवर तशी सोय नाही. म्हणून बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय याच्या वर्णनात, प्रत्येक चिपेसाठी 'कम्पॅटिबल'ची ओळ लिहायची: आधी कंपनी, मग स्वल्पविराम, मग नमुना. कर्नल ती ड्रायव्हरांकडच्या याद्यांशी ताडून पाहतो. पूर्वी एआरएम बोर्डांची ही माहिती कर्नलच्याच सी कोडमध्ये, बोर्डागणिक वेगळ्या फायलींत कोंबलेली असे. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकले, आणि एआरएमवाले डिव्हाइस ट्रीकडे झपाट्याने वळले.

या ओळीत आपल्याला चालणाऱ्या ड्रायव्हरचं नाव लिहायचं, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. बोर्डावर काय बसवलंय, एवढंच ती ओळ सांगते. ईईप्रॉम मायक्रोचिपची असेल, तर आधी 'मायक्रोचिप,२४सी३२' आणि त्यामागे 'अ‍ॅटमेल,२४सी३२' लिहायचं. ड्रायव्हर आज दुसऱ्याच नावाला ओळखतो. मग पहिल्याचा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण डिव्हाइस ट्री बोर्डावर वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, कर्नल मात्र बदलत जातो. उद्या मायक्रोचिपच्याच चिपेत एखादी खोड सापडली, तर नेमकं नाव आधीपासून असल्यामुळे नव्या ड्रायव्हरला तिच्यापुरता उपाय करता येतो. मोघम नाव असेल, तर घाट चढून जाऊन ओळ बदला! 'बीएमएक्स२८०' असं बीएमई२८० आणि तिची बहीण बीएमपी२८० या दोघींना पुरणारं नाव योजणंही तितकंच घातक, कारण पुढे कंपनी त्याच साच्यातल्या नावाची वेगळीच चिप काढू शकते.

अधिक वजनदार आक्षेप असा की, बीएमई२८० आपला ओळख-आकडा बाळगते, मग तिलाच का विचारू नये? विचारण्याआधी ती कुठल्या पत्त्यावर आहे आणि तो आकडा कुठल्या रजिस्टरात असतो, हे ठाऊक हवं. शिवाय साध्या ईईप्रॉमला असा आकडाच नसतो, आणि अनोळखी चिपेत चाचपडताना भलतंच काही बिघडू शकतं. विचारणा उपयोगी पडते ती नाव जाहीर झाल्यावर, पडताळणीसाठी. बाजारात बीएमई म्हणून घेतलेल्या पट्टीवर पुष्कळदा आर्द्रता न मोजणारी बीएमपी२८० निघते. पत्ते दोघींचे तेच, पण षोडशमान पद्धतीत एकीचा आकडा ६०, दुसरीचा ५८. ड्रायव्हर तो वाचतो आणि ओळीत लिहिलेलं बोर्डावर नाही, अशी नोंद करतो.